डाव्या बाजूचा माणूस

"उजव्या अंगानं! अबे सुकद्या, उजव्या अंगानं उतर!" दौलत अकोल्याच्या फलाटावर असा बोंबलत होता की इंजिनाची शिट्टी लाजून मध्येच थांबली. डब्याच्या दारात सुखदेव उभा, हातात ट्रंक, अंगात माझा कोट, अन् फलाटाच्या डाव्या टोकाकडून छत्री टेकत टेकत किसनमामा येऊन राहिलेला. नेमका डावीकडून! मी खिडकीतून उडी मारली (दौलत म्हणतो, दारातून, पण दौलतच्या आठवणीवर कोणी विश्वास ठेवू नये), सुखदेवला दंडाला धरलं अन् पोळ्याच्या बैलाला तोरणाकडं वळवावं तसं गर्रकन फिरवलं. मामा येऊन पोहोचला तेव्हा तो बरोबर सुखदेवच्या उजव्या बाजूला होता अन् डाव्या बाजूला मी, भिंतीसारखा.

"जय भीम, मामा!" आम्ही तिघं एका सुरात.

"जय भीम, जय भीम. काय उजवं-डावं चाललं तुमचं?"

खरं म्हणजे इथं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. पण दौलतच्या जिभेला गप्प राहण्याची सवय जन्मापासून नव्हती. "काही नाही मामा," तो म्हणाला, "याच्या उजव्या पायात लचक भरली. म्हणून म्हटलं, सांभाळून उतर."

सुखदेवनं दौलतकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडं पाहिलं, अन् त्या क्षणापासून बिचारा लंगडायला लागला. पुढचे दोन दिवस लंगडला.

लचक नव्हतीच. जे होतं ते पायात नव्हतं, कानात होतं. लहानपणी मुदतीच्या तापात सुखदेवचा डावा कान पार गेलेला. त्या कानाशी ढोल बडवला तर हा फार फार तर विचारायचा, "कोण आलं?" उजवा कान मात्र मांजरासारखा तिखट. चार भिंतींत, शांततेत, समोरासमोर त्याच्याशी बोला, दहा वर्षांत कळणार नाही. पण गर्दीत तो एकटा कान गांगरून जायचा. कोण बोललं, कुठून बोललं, काय बोललं, सगळा काला व्हायचा. शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागला होता, अन् त्याच्या वर्गातली सगळी वात्रट पोरं आपोआप डाव्या बाजूला जाऊन बसली होती. या कानापायी दोन ठिकाणची बोलणी मोडली होती. तिसरी जागा ही, किसनमामाची भाची विमल. मॅट्रिक झालेली, आईबाप लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी वाढलेली. धामणगावच्या एका लग्नात सुखदेवनं तिला पंगतीत वाढताना पाहिलं होतं अन् तेव्हापासून तो वरणाचं नाव काढलं तरी लाल व्हायचा. "इथं नाही जमलं तं मी लग्नच करत नाही," असं त्यानं वसतिगृहाच्या खोलीत, माझ्या खाटेवर बसून, फार हळू सांगितलं होतं. सुखदेव हळू बोलला की समजावं, मामला गंभीर आहे.

आता किसनमामाची रीत सांगतो. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी कुंडली, मुहूर्त, भटजी हे सगळं गाठोडं बांधून नदीत सोडलं होतं. मग पोराची पारख कशानं करायची? दुसऱ्या लोकांना हा प्रश्न पडला असेल; मामाला पडला नाही. तो पोराला त्याच्या जिवलग दोस्तांसकट शनिवार-रविवार अकोल्याला बोलवायचा. खाऊ घालायचा, नकला दाखवायचा, पिक्चर दाखवायचा, हॉटेलात न्यायचा. "तासभराच्या बैठकीत कोनताबी मानूस गुणाचा दिसते," तो म्हणायचा. "दोन दिवस मजा कराले लावा, मंग पाहा." थोरल्या भाचीसाठी आलेला एक पोरगा त्यानं एवढ्यासाठी परत पाठवला होता की तो टांगेवाल्यावर खेकसला. मामा रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होता. रुईच्या गाठीवर नुसती थाप मारून ती कोणत्या गावच्या जिनिंग कारखान्यातली अन् कधी बांधलेली हे सांगायचा. दौलत स्वतः अमरावतीच्या एका जिनात कामाला. तो शपथेवर सांगे की मामा गाठ बांधणाऱ्याच्या बायकोचं नावही सांगतो.

अशा माणसापुढं दोन दिवस एक कान लपवायचा होता. सुखदेवचं म्हणणं होतं, सांगून टाकू. मी म्हणालो, "दोनदा सांगतलं ना? काय झालं? या बारीले लग्न होऊ दे, मंग निवांत सांग." हे मी म्हणालो, दौलत नाही, तेव्हा या प्रकरणात पुढं जे काही येईल त्याचं खापर कुठं फुटायचं ते आताच लिहून ठेवतो. योजनाही माझीच. सुखदेवच्या डाव्या हाताला कायम मी. उजव्या हाताची जागा दौलतनं मामासाठी धरून ठेवायची. अन् गर्दीत, जिथं त्याला बोलणं कळणार नाही तिथं, माझा उजवा हात त्याच्या गुडघ्यावर. एकदा दाबला की मंद हसायचं, दोनदा दाबला की मोठ्यानं, अन् कचकचून धरला की पोट धरून. आठ दिवस आम्ही तालीम केली. दौलत खाटेवर उभा राहून नकला करायचा, त्या इतक्या भिकार असायच्या की गुडघा दाबल्याशिवाय कोणीच हसलं नसतं. तालमीला त्या फारच सोयीच्या होत्या.

मामाचं क्वार्टर रुळांना इतकं चिकटून होतं की मालगाडी गेली की चुलीवरचा तवा सरकायचा अन् मामी न बघता तो परत जागेवर ओढायची. दिवसभर डब्यांची धडक ऐकू यायची, धाड, धाड, धाड, एकापाठोपाठ एक, लांब जात जाणारी. आमच्यासाठी हा आवाज म्हणजे देवदूत, त्या धडाक्यात कोणालाच काही ऐकू यायचं नाही, सगळेच "काय? काय म्हटलं?" करायचे. सुखदेवच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा रंग आला. मामीनं पाटोडीचा रस्सा केला होता, तर्री अशी की वाटीत चेहरा दिसावा, ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, अन् ठेचा. तो ठेचा खाऊन दौलतच्या डोक्यावरची टोपी दोन बोटं वर उचलली गेली, हे मी स्वतः पाहिलं. जेवायला बसताना मामानं पाट मांडले अन् मी सुखदेवच्या डाव्या पाटावर झेप घेतली, ती इतक्या जोरात की मामी दचकली. "भूक लागली असन पोराले," ती म्हणाली. विमल पाणी घेऊन आली. उंच, सावळी, कोणाकडं बघायचं ते सरळ बघणारी. तिनं पेला सुखदेवच्या पुढं ठेवला, तो उचलताना सांडला, अन् तिनं दुसरा भरून ठेवला. बस, एवढंच. पण सुखदेव त्यानंतर काय जेवला हे त्याला आजही सांगता यायचं नाही.

नकलांचा कार्यक्रम सहाला होता, एका शाळेच्या पटांगणात टिनाच्या मांडवाखाली. माणसं अशी दाटलेली की एकानं खोकलावं अन् दहाजण हलावे. बसण्याची व्यवस्था आमच्या मनासारखी जमली: मी, सुखदेव, मामा, दौलत. नकलाकार एकटा माणूस, अंगात धोतर-बंडी, हातात एक काठी. त्या एका काठीचं त्यानं तिकीट चेकर केलं, नळावरच्या भांडणातली घागर केली, मत मागायला आलेल्या पुढाऱ्याचा कणा केला, जो प्रत्येक घरापुढं थोडा थोडा वाकत जातो. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मला मात्र हसायला सवड कुठं होती! एक डोळा नकलाकारावर, एक मामावर, अन् हात गुडघ्यावर. एकदा. दोनदा. दोनदा. कचकचून. सुखदेव घड्याळासारखा बरोबर हसत होता. मामा अधूनमधून मान वळवून त्याच्याकडं बघायचा अन् खूश दिसायचा. माझ्या पाठीवरून घाम असा चालला होता, जशी पूर्णा पुरात. मला वाटलं, जमलं. आता अर्धा तास. जमलं.

मग नकलाकारानं बंडीवरून पदरासारखं उपरणं घेतलं, खाली बसला अन् म्हातारी झाला. म्हातारी पोस्टमनशी बोलत होती. आवाज इतका बारीक की सगळा मांडव पुढं झुकला. "माह्या नावाचं पाह्य ना बावा. खालीच असन कुठंतरी. पोरगं शहरात शिकते, त्याले येळ नाही भेटत, पण लिहिलं असन त्यानं." पोस्टमन नाही म्हणतो. म्हातारी त्याला थांबवते, पाणी देते, गूळ देते, पुन्हा म्हणते, "येकडाव पाह्य."

माझी माय तेव्हा नांदगाव खंडेश्वरला होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी पत्र लिहीत नव्हतो. असा माझा हिशेब होता अन् तोवर मला तो अगदी चोख वाटत होता. त्या बारीक आवाजानं माझ्या छातीत काय झालं ते लिहिण्याइतका मी चांगला लेखक नाही. मला एवढंच आठवतं की मला काहीतरी घट्ट धरावंसं वाटलं, अन् हाताशी जे होतं ते मी कचकचून धरलं.

सुखदेव हसला. पोट धरून हसला. तालमीत कधी हसला नव्हता असा, मान मागं टाकून, टिनाला आवाज आपटेल असा. समोर सगळे डोळे पुसत होते, ते त्याला दिसलं नसेल? मी अनेकदा विचार केला आहे. दिसलं असेल. पण त्या संध्याकाळी त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या हातावर जास्त भरवसा होता.

सगळा मांडव वळला. "बाहेर काढा त्याले!" मागून कोणी ओरडलं. नकलाकार थांबला. म्हातारीतून बाहेर न येता त्यानं मान वर केली, डोळ्यांवर हात धरून सुखदेवला शोधलं अन् त्याच बारीक आवाजात म्हणाला, "हास बावा, हास. तुले तं पत्र येत असन."

लोक चुकचुकले. सुखदेवला तेही नीट कळलं नाही. त्याला एवढंच कळलं की आपण एकटेच हसलो. त्याचं हसू तोंडावरच वाळलं. मी गुडघ्यावरून हात काढला. किसनमामानं मांडीवरची छत्री उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवली. घरी परतताना तो दोन पावलं पुढं चालला. जेवतानाही ताटातच बघत राहिला. त्या दिवशी मालगाड्याही कमी गेल्या, नाहीतर निदान तेवढा तरी आवाज झाला असता.

रविवारी सकाळी नळापाशी सुखदेवनं मला गाठलं, दौलत बाजूलाच दात घासत होता. "मी सांगून टाकतो आता."

"आता? आता सांगशीन तं दोन दिवसाचं सारंच खोटं निघन. पायसुद्धा."

"पाय खोटाच हाय ना बे!"

"म्हणूनच तं म्हंतो!"

एवढ्यात विमल आली. हातात वाटी, लसूण घालून कढवलेलं गरम तेल. तिनं सुखदेवच्या पायांकडं पाहिलं. "काल उजवा दुखत होता ना? सकाळपासून तं डावा वढून राहिले."

आम्ही तिघंही त्या पायांकडं असं बघत राहिलो, जसे काही ते आत्ताच कोणी आणून ठेवले. "दोन्ही दुखते त्याचे," दौलत म्हणाला. "पाळीपाळीनं."

विमलनं वाटी मधोमध ठेवली. "मंग दोनीले लावा," ती म्हणाली अन् गेली. दारापाशी तिचे खांदे हलल्यासारखे मला वाटले. हसली की रागावली, ते पाठीवरून ओळखण्याइतकी अक्कल मला त्या वयात नव्हती.

मामानं कार्यक्रमात काडीचा बदल केला नाही, अन् याचीच आम्हाला जास्त धास्ती. रागावणारा माणूस बरा. रांगेत उभा राहून आपली तिकिटं काढणाऱ्या माणसाचं काय करायचं? दुपारच्या खेळाला मामा पुन्हा उजवीकडं, मी डावीकडं. मी हात पुढं केला तशी सुखदेवनं माझं मनगट धरून खाली ठेवलं. "आता गुडघ्याले हात लावला तं तोडीन." आदल्या दिवशीच्या हसण्याची भरपाई म्हणून दौलत सबंध पिक्चरभर रडला, मारामारीच्या सीनलासुद्धा. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं त्याला पाणी पाजलं.

पिक्चर सुटल्यावर हॉटेल. माझ्या बापाला असल्या हॉटेलात बाहेर ओट्यावर वेगळा कप ठेवलेला असायचा, तो त्यानंच धुवायचा. आम्ही आत, पंख्याखाली, संगमरवराच्या टेबलावर कोपरं टेकून बसलो अन् पोऱ्याला "दोन प्लेट और" म्हणालो. या एका गोष्टीची चव कचोरीपेक्षा मोठी होती, मामाच्याही तोंडावर ती दिसत होती. कप उचलण्याआधी तो दर वेळी क्षणभर बशीकडं बघायचा. बाजूला भट्टी घुरघुरत होती, बशा आदळत होत्या, रेडिओ ओरडत होता. सुखदेव आधी आत सरकला, म्हणजे त्याचा उजवा कान भिंतीला. हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण डावीकडं मी होतो अन् मामा समोर, दौलतशेजारी, म्हणून मी निश्चिंत. मग दौलतला आलूबोंडा पाहिजे झाला. पोऱ्या येईना. मी उठलो.

माणसाचं आयुष्य कशावरून बदलतं याबद्दल थोर लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. मी आलूबोंड्यावरून बदललेलं पाहिलं आहे.

बशी घेऊन वळतो तो मामा उठून माझ्या जागेवर बसलेला. सुखदेवच्या डाव्या कानाशी झुकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तो बोलत होता. मी मागं येऊन उभा राहिलो तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं.

"गुरुजी, काही सांगाचं राह्यलं असन तं आता सांगून टाका. मी राग धरनारा मानूस नाही."

सुखदेव मन लावून तळलेल्या मिरचीचं देठ काढत होता. दौलतचं तोंड भरलेलं. मामा वाट पाहत होता. किती वेळ? मला तर एक मालगाडी अख्खी निघून जाईल एवढा वाटला. अन् मग मी, डाव्या बाजूचा माणूस, जो दोन दिवस दुसऱ्याच्या वाटचं ऐकत होता, त्यानं दुसऱ्याच्या वाटचं बोलूनही टाकलं.

"काही नाही राह्यलं, मामा! याच्यापाशी लपवाले हायच काय?"

माझा आवाज ऐकून सुखदेवनं मान वळवली. मी हसत होतो, म्हणून तोही हसला. मामा त्याच्याकडं बघत होता, म्हणून त्यानं मान डोलावली. हो म्हणून.

मामानं कप बशीत ठेवला. "बरं," तो म्हणाला. संध्याकाळच्या गाडीत त्यानं आम्हाला बसवून दिलं, मामीनं बांधून दिलेल्या भाकरी खिडकीतून आत दिल्या अन् गाडी हलेपर्यंत थांबला. विमल आली नव्हती.

आठ दिवसांनी मामाचं नकाराचं कार्ड आलं. दोन ओळी. सुखदेवनं वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. "कान," एवढंच म्हणाला, अन् शाळेत गेला. त्यानं पुढं लग्न केलं, तीन वर्षांनी, सगळं आधी सांगून. वहिनी चांगली आहे, मला ती दारात बघते तेव्हा फक्त थोडी कमी चांगली होते. आता तो उजव्या कानातही मशीन घालतो. माझ्याकडं येतो तेव्हा मी अजून चुकून त्याच्या डावीकडंच बसतो. हॉटेलातली ती गोष्ट मी त्याला कधीच सांगितली नाही. कार्ड कानामुळं आलं असंच तो इतकी वर्षं धरून चालला आहे. वाचायला त्याचे डोळे अजून चांगले आहेत, तेव्हा आता कळेल. सुकद्या, शिव्या द्यायच्या तर घरी येऊन दे.

कार्ड आल्यानंतरच्या रविवारी मी एकटा अकोल्याला गेलो होतो, हेही त्याला ठाऊक नाही. मामा मालधक्क्यावर होता, हातात खडू, गाठींवर आकडे टाकत. मी सगळं ओकलो. कान, पाय, गुडघा, तालीम, सगळं. योजना माझी होती, सुखदेव तं पह्यलेपासून सांगून टाकू म्हणत होता, हे तीनदा सांगितलं. मामा एका गाठीवरून दुसऱ्या गाठीकडं जात ऐकत होता.

"कान मालूम होता आमाले," तो म्हणाला. "धामनगावच्या लोकाईनं सांगतलं होतं. इमललेबी मालूम होता. तिचं काही म्हननं नव्हतं."

"मंग नाही काहून म्हटलं, मामा? हॉटेलात तुमी त्याले इचारलं, पण तुमी डाव्या अंगाले बसले होते! त्याले आयकूच आलं नाही. तुमी काय इचारलं हे त्याले आजबी मालूम नाही!"

मामानं हातातला आकडा पुरा केला, खडू खिशात टाकला.

"म्या त्याले इचारलं होतं," तो म्हणाला. "जवाब तुमी देल्ला."